पुढचा बाक

अमेरिकेतल्या आमच्या गॅरी शहरात पोलादाचा कारखाना आक्रसला, निम्मी घरं फळ्या ठोकून बंद झाली, पण चर्चमध्ये कोणी कुठं बसायचं याचा थाट काही तसूभर कमी झाला नाही. ऑरिन पेटवे तिथं दाराशी उभं राहून लोकांना जागा दाखवणाऱ्यांचा म्होरक्या. पांढरे हातमोजे, एक हात पाठीमागं, दुसऱ्यानं बाक दाखवायचा, तोंडातून शब्द नाही. बाया म्हणतात, ऑरिनसारखा अदबशीर माणूस शोधून सापडायचा नाही. त्याला ते ऐकवत नाही.

आपल्याला मुलगेच आवडतात हे त्याला पोरवयातच कळलं आणि त्यानं धसकाच घेतला. बापाचा हात लगेच उठायचा, आणि न्हाव्याच्या दुकानातल्या टवाळांच्या जिभेला हाड नाही. "काय ऑरिन, चालतोयस का नाचतोयस?" म्हणायचे. मग त्यानं चाल बदलली, आवाज जाड केला. दुसऱ्या कुणा नाजूक पोरावर हसायची वेळ आली, की सगळ्यांत आधी हाच हसायचा.

फक्त एका घरात त्याचा जीव मोकळा व्हायचा. चर्चमध्ये गाणं शिकवणारे मिस्टर लूशस आणि शहराची बस चालवणारे मिस्टर क्लीव्ह एका छपराखाली राहायचे. लोक त्यांना चुलतभाऊ म्हणायचे. कसले डोंबलाचे चुलतभाऊ, चांगला भरला संसार होता दोघांचा, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. लूशस पियानोवर, क्लीव्ह चुलीशी मासे तळत, आणि पोरवयातच चर्चच्या दाराशी उभं राहायला लागलेल्या ऑरिनचे हातमोजे दर शनिवारी धुऊन इस्त्री करून ठेवायचं कामही क्लीव्हनीच आपल्याकडे घेतलेलं. ऑरिननं मनातलं पहिल्यांदा सांगितलं ते त्याच स्वयंपाकघरात. क्लीव्हनी कढईवरून नजरसुद्धा काढली नाही. "बरं. मग जेवणार ना?" एवढंच म्हणाले. ऑरिन टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

त्याची विशी उलटायच्या आत लूशस हृदयविकारानं गेले. अटलांटाहून त्यांची बहीण व्हर्नेल आली आणि सगळं तिनं हातात घेतलं. कुटुंबानं अंत्यविधीला जांभळा रंग घालायचा ठरला होता, लूशसचा आवडता. क्लीव्हही जांभळा टाय लावून चर्चच्या दाराशी आले.

व्हर्नेलनं ऑरिनला बाजूला घेतलं. "तो माणूस पुढं कुटुंबाच्या बाकावर नको. मागं बसव त्याला. माझ्या भावाचं नाव आज तरी नीट राहू दे."

"पण मिस व्हर्नेल, ते इतकी वर्षं..."

"तुला का एवढा पुळका? तूही त्यातलाच का?"

ऑरिनचा बाप चार पावलांवर उभा होता. पुढच्या बाकाकडे नुसता हात करायचा होता, बाकीचं क्लीव्ह चालून गेले असते. ऑरिननं हात उचलला आणि शेवटचा बाक दाखवला.

क्लीव्हनी त्या हाताकडे पाहिलं. लूशस गेलेले असतानाही, आदल्या संध्याकाळी त्यांनीच तो हातमोजा इस्त्री केला होता. "बरं, पोरा," ते म्हणाले आणि जाऊन बसले.

शेवटच्या दर्शनाला आमच्याकडे मागच्या बाकांवरचे आधी उठतात, घरचे सगळ्यांत शेवटी. त्यामुळे क्लीव्ह पाहुण्यांच्या रांगेतून शवपेटीशी पोचले. त्यांनी वाकून लूशसचा टाय सरळ केला आणि तिथंच थांबले. रांग खोळंबली. व्हर्नेल खाकरली. पेटीशी थांबलेल्याला पुढं न्यायचं काम ऑरिनचंच होतं. त्यानं त्यांच्या कोपराला हात लावला आणि पुढं सरकवलं. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं. तेही त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी तो त्यांच्या दाराशी गेला. चुकलो म्हणायचं घोकत गेला होता. क्लीव्हनी दार उघडलं, आत घेतलं, मासा आणि मक्याचा ब्रेड वाढला. खाली मान घालून ऑरिन जेवला. घास घशाखाली उतरत होता याचीच त्याला लाज वाटत होती. घोकलेलं तसंच ठेवून तो ताट विसळून उठला. निघताना सवयीनं त्यानं हातमोजे टेबलावर ठेवले.

क्लीव्हनी ते उचलून परत त्याच्या हातात दिले. "हे आता तुझे तू धूत जा."

घरी जाऊन त्यानं न्हाणीघराला आतून कडी लावली आणि हातमोजे धुतले. पुन्हा त्या घरात जायला त्याला तोंड राहिलं नाही.

मिस्टर क्लीव्ह गेल्या थंडीत वारले. नात्याचं कुणीच नव्हतं, म्हणून अंत्यविधीला पुढचा बाक रिकामा होता. पाद्रीबाबा दाराशी येऊन म्हणाले, "ऑरिन, त्यांच्या घरी तुझं जाणंयेणं होतं ना? बस की पुढं."

"फारसं नव्हतं," ऑरिन म्हणाला आणि येणाऱ्यांना बाक दाखवत राहिला.