दीपमालाचा उपवास

मखमलाबादच्या पुढं, कालव्याच्या कडेला कलाबाईचा मळा आहे. मळा फार मोठा नाही, पण फुलांचा आहे, आणि फुलांचा मळा करणाऱ्या बाईला सकाळ अंथरुणात कधी सापडत नाही. लग्न होऊन गावातल्या घरी आली तेव्हापासून पहाटेच्या गारव्यात ती झेंडू तोडत आली. नवरा मोतीराम गोण्या शिवतो, मुलगा ललित टेम्पो घेऊन नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या फुलबाजारात जातो. कलाबाईच्या हातची गोणी उघडून बघायची व्यापाऱ्याला गरज वाटत नाही, एवढं तिचं नाव. आणि एवढ्या सगळ्या फुलांत तिचं घरचं फूल एकच, मुलगी दीपमाला. अकरावीला.

दीपमाला अंगानं भरलेली होती. गोल हात, गोल चेहरा, हसली की डोळे मिटून जायचे. तिला जेवताना बघितलं की कलाबाईचं अर्धं पोट भरायचं. मग उन्हाळ्यात चुलत बहिणीच्या हळदीत पोरी नाचल्या. कुणी तरी त्याचा व्हिडिओ टाकला आणि त्याखाली कुणी तरी लिहिलं, ‘मधी नाचती ती झेंडूची गोणी कुणाची?’

ललितनं ते जेवता जेवता वाचून दाखवलं. घर हसलं. सगळ्यांत मोठ्यानं कलाबाई हसली. तिला त्यात टोचण्यासारखं काही दिसलंच नाही. तोंडापर्यंत भरलेली, सुतळीनं शिवलेली, ओट्यावर उभी केली तर न कलंडणारी गोणी म्हणजे तिच्या लेखी जगातली सगळ्यांत देखणी वस्तू.

“मग? हायेच माझी लेक भरली गोणी!” ती म्हणाली.

दीपमालाही हसली. मात्र हातातला घास तिनं ताटात ठेवला, आणि तो तिथंच राहिला.

पुढच्या सोमवारी तिनं उपवास धरला.

उपवास या घराला नवा नव्हता. उपवास का धरला असं कुणी कुणाला विचारत नाही. उलट कॉलेजात जाणारी पोरगी देवाचं करते म्हणून कलाबाईची मान ताठ झाली. सोमवारामागून गुरुवार आला, चतुर्थी आली, मग अख्खा श्रावण आला. कलाबाई साबुदाणा भिजवायची, शेंगदाण्याचं कूट जास्त घालायची. दीपमाला म्हणायची, “मम्मी, माझा निरंकार आहे.” निरंकार म्हणजे पाण्याखेरीज तोंडात काही नाही. आता यावर आईनं काय बोलावं? जेव म्हणावं, तर देवाच्या आड यावं लागतं.

श्रावण सरला. उपवास सरले नाहीत. पोरीचे कुडते खुंटीला अडकवल्यासारखे खांद्यावरून लोंबायला लागले. दुपारच्या उन्हात ती स्वेटर घालून बसायची. कंगव्यात केसांचे पुंजके यायचे, ते ती मुठीत लपवून बाहेर टाकायची. आणि भादव्यात कलाबाईच्या ध्यानात आलं की पोरीला बाजूला बसून बरेच महिने झाले. पाळी थांबली होती.

ती घाबरली आणि शेजारच्या मंगलाबाईला बोलली. मंगलाबाईच्या अंगात वारं येतं, गल्लीत तिच्या शब्दाला वजन आहे. तिनं डोळे मिटले, हात जोडले.

“येडी का काय गं तू कला? नवरात्र तोंडावर आलंय. देवीनं पोरगी सोवळी ठेवलीय. आमच्या पोरी घटाच्या टायमालाच नेमक्या बाहेर बसत्यात. अन् हिला बघ. पुण्याई लागते!”

कलाबाईनं ते ऐकलं आणि पदरानं डोळे पुसले. खरं सांगायचं तर तिला ते खरं वाटलं नाही. पण खोटं मानलं असतं तर पुढं काय मानावं, हे तिला कळेना. म्हणून तिनं ते मानलं.

घट बसले. दीपमालानं नऊ दिवसांचा निरंकार धरला. बातमी गल्लीभर झाली. रोज नवी माळ घटावर चढायला लागली. बाया येऊन पोरीच्या पायाला हात लावू लागल्या. पोरगी घटापाशी भिंतीला टेकून बसायची. कुणी नमस्कार केला की तिच्या सुकलेल्या ओठांवर हसू यायचं. कलाबाई ते हसू बघायची. हळदीतला तो व्हिडिओ निघाल्यापासून पोरगी अशी हसली नव्हती. एवढे महिने ती या एका हसण्यासाठी उपाशी होती, असं कलाबाईला वाटून गेलं.

पाचव्या माळेला तिनं पोरीला न्हाऊ घातलं. पाठीवर पाणी ओतलं, तर दगडांवरून उतरावं तसं ते मणक्यांवरून अडखळत उतरलं. दंडावर बारीक, भुरकी लव आली होती, मांजरीच्या पिलाला असते तशी. कलाबाईनं तांब्या खाली ठेवला. देवदर्शनाला जायचं म्हणून तिला रिक्षात घातलं आणि पंचवटीतल्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही. मग पोरीला बाहेर बसवलं.

“ताई, हा उपवास नाही. हा आजार आहे. ती जेवणाला भिते. जाड होईन म्हणून भिते, आणि उपवासाच्या आड लपते. हृदयाचे ठोके फार मंद पडलेत. आजच भरती करा.”

घरी मोतीराम दसऱ्याच्या मालाच्या गोण्या मोजत होता. वाईट माणूस नाही तो. लेकीचं नाव निघालं की त्याचा आवाज मऊ पडतो. पण डॉक्टरीणबाईंचं म्हणणं ऐकून तो भ्याला.

“घट बसल्यात, कला. मधीच मोडायला लावलं अन् उद्या काय बरं-वाईट झालं, तर देवीला काय सांगू? दसरा होऊंदे. मी सोता नेतो.”

“अवो, दसऱ्यापर्यंत राहायला पायजे ना ती.”

“असं वंगाळ बोलू नको घटापुढं.”

कलाबाईनं लिंबूपाण्यात साखर कालवून नेली, दीपमालानं वास घेऊन पेला सरकवला. “मम्मी, मला पापात पाडू नको.” कलाबाईनं पाया पडून बघितलं. रडून बघितलं. तू जेवलीस तर मी जेवीन म्हणून स्वतःचं ताट सारून दोन दिवस काढले. पोरीनं आईचं उपाशी राहणं शांतपणे बघितलं आणि म्हणाली, “बघ, जमतं की नाय?”

आठव्या माळेला कुमारिकेची पूजा होती. मंगलाबाई गल्लीतल्या सगळ्या बाया घेऊन आली. पाट मांडला, रांगोळी घातली. दीपमालाला धरून पाटावर बसवली. डोक्यावर पदर दिला, तेव्हा तो पदरही तिला जड झाल्यासारखी मान वाकली.

“देवीच बसलीय गं!” कुणी तरी म्हणालं.

पाय धुवायचा मान घरच्या बाईचा. कलाबाई ताटली घेऊन खाली बसली. दूधपाण्यात पोरीचे पाय घेतले. पाय थंड होते, आणि निळसर. तिनं घोट्याभोवती हात धरला, तर बोटाला अंगठा मिळून वर जागा उरली. याच पायांत तिनं बारशाला वाळे घातले होते, तेव्हा ते दाबून बसवावे लागले होते.

“कुंकू लाव, कला,” मंगलाबाई म्हणाली.

कलाबाईनं कुंकू लावलं नाही. ती बसल्या जागेवरूनच बोलली, आणि दारात उभ्या मोतीरामलाही ऐकू जाईल असं बोलली.

“हिचा उपवास नाय. हिला आजार हाय. जेवायला भेती माझी पोरगी. पाळी देवीनं नाय थांबवली, अंगात रगत राह्यलं नाय म्हणून थांबली. डॉक्टरनं सांगितलंय. मी चार दिवस तोंड शिवून बसले. आता कुणी हिच्या पाया पडू नका.”

बायांनी जोडलेले हात सोडले. मंगलाबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. “घटापुढं, कला? बाप्यांच्या देखत?”

दीपमालानं डोक्यावरचा पदर काढला. आवाज इतका बारीक होता, की ऐकायला वाकावं लागलं.

“चारचौघांत नागडी केलीस मला. तू माझी कुणी नाय.”

ती उठली, दोन पावलं चालली आणि कोसळली. ललित धावला. त्यानं तिला उचलायला नेहमीच्या अंदाजानं जोर लावला, आणि त्याचे हात एकदम छातीपर्यंत वर आले, रिकामी टोपली उचलावी तसे. तो तसाच उभा राहिला, बहिणीला धरून, तोंड उघडं टाकून. टेम्पोत दसऱ्याचा माल भरलेला होता. मोतीराम गेला आणि गोण्या खाली ओढू लागला. अंगणात झेंडू सांडला, तो तुडवतच त्यांनी पोरीला नेलं.

दवाखान्यात तिला नळीनं थोडं थोडं देतात. एकदम दिलं तर शरीराला सोसत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. पुढचंही सांगितलंय. ही लांबची वाट आहे, घरी गेल्यावर पुन्हा होऊ शकतं, आणि खात्री कुणी देणार नाही.

दीपमाला आईशी बोलत नाही. कलाबाई खाटेजवळ आली की भिंतीकडं तोंड करते. तोंडानं मुगाची पेज द्यायची असली तर सिस्टरच देते, कारण आईच्या हातून पोरगी ओठ उघडत नाही. मोतीराम येतो, पायथ्याशी बसतो, आणि बायकोकडंही बघत नाही. गल्लीतली एकही बाई अजून आली नाही.

कलाबाई पेजेच्या वेळेला पडद्याच्या पलीकडं जाऊन उभी राहते. पदर दातांत धरते आणि कान देते. वाटीला चमचा लागल्याचा आवाज येतो, मग सगळं थांबतं. घोट गिळला, की नुसताच तोंडात धरला, हे पडद्याआडून कळत नाही. ती श्वास धरून पुढच्या चमच्याच्या आवाजाची वाट बघते. कधी तो येतो. कधी येत नाही.