पडद्यावरची विहीर

दूरदूरच्या शाळांतल्या मुलांसाठी मी संगणकावर विज्ञानाचे धडे रचायची. त्यातला एक धडा विहिरीचा. मुलांनी पडद्यावरच्या विहिरीत दगड टाकायचा, आवाज येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि पाणी किती खोल आहे ते काढायचं.

विहीर खरी होती, लासूर स्टेशनच्या रस्त्यावरची. दुष्काळात तिचे फोटो काढायला गेले, तेव्हा मेंढ्या घेऊन आलेल्या एका बाईनं मला ही युक्ती दाखवली. मेंढ्या काठाशी आणण्याआधी ती खडा टाकून कान द्यायची. त्या दिवशी नुसता ठप्प आवाज आला. "निस्ता गाळ हाय," म्हणत तिनं मेंढ्या वळवल्या. मी शहरातल्या घरी येऊन पडद्यावरची विहीर अर्धी भरून टाकली. माझ्या काय बापाचं जात होतं! डुबुक आवाजासाठी टँकरच्या पाण्याच्या बादलीत खडा टाकला.

पुढं खरी विहीर बुजवली, तिथं प्लॉट पडले. धडे तपासणाऱ्या एका तज्ज्ञांचा शेरा आला: उन्हाळ्यात एवढं पाणी नसतं, विहीर कोरडी दाखवा. बरोबरच होतं. दुरुस्तीला बसले, तर नोंदींत दिसलं की एका शाळेतून रोज मधल्या सुट्टीत कुणीतरी दगड टाकतंय आणि उत्तर कधीच भरत नाही. चावटपणा समजून मी तणतणत शाळेत फोन लावला. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "सातवीतली मुलगी आहे. तिची आई मेंढ्या राखायची. तुमच्या फोटोतल्या त्याच विहिरीत गाळातलं पाणी भरायला उतरली आणि वरून दरड कोसळली."

तिच्याशी बोलता येईल का, मी विचारलं. मास्तरांनी मुलीला फोन दिला.

"बाळा, काढून टाकू का गं ती विहीर?"

"नाय म्याडम. आई बी असाच खडा टाकून बघायची." मग म्हणाली, "पाणी ऱ्हाऊ द्या त्यात. वरूनच पाणी लागलं, तर ती खाली कशाला उतरंल?"

तज्ज्ञांसाठी मी दुसरी, कोरडी विहीर रचली. ही तशीच ठेवली. मुलगी शाळा सोडून गेली, त्याला वर्षं झाली. अजूनही दुपारी कधीतरी मी ती उघडते आणि खडा टाकते. आवाज माझ्याच बादलीतला आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तो येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.