कबरीतल्या नवऱ्याची शपथ

फिलिस्टा अजवांगच्या पोटात गेलेली गोष्ट म्हणजे सरोवरात टाकलेला दगड, असं आमच्या बाजारातल्या बायका म्हणायच्या. हे कौतुक नव्हतं, तक्रार होती. मुलींच्या निवासी शाळेत समुपदेशन करणारी बाई, म्हणजे आसपासच्या निम्म्या घरांची उणीदुणी हिला ठाऊक. पण वाळवलेल्या ओमेनाच्या ढिगाशी तासभर शेजारी बसून मासे निवडले, तरी हिच्या तोंडून थेंब गळायचा नाही. "यंदा ओमेना बारीक आहे," म्हणायची आणि हात झटकून उठायची. अशा शेजारणीचा उपयोग काय, तुम्हीच सांगा.

सरकारने शाळांतली छडी बंद केली त्या वर्षी तिला ही खोली मिळाली. खोली कसली, खेळाच्या सामानाची अर्धी कोठी. मधे पडदा, पडद्यामागे घामट वासाच्या जाळ्या आणि फुसके चेंडू, पुढे दोन खुर्च्या. छडी गेल्यामुळे हात शिवशिवणारे मास्तर पोरींना दंडाला धरून आणायचे आणि दारातूनच ओरडायचे, "मॅडम, हिचं चांगलं सणसणीत समुपदेशन करा!"

मुलगी बसली की फिलिस्टा प्रशिक्षणात पाठ करून घेतलेलं वाक्य म्हणायची. "इथं बोललेलं इथंच राहील, पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असला, तर मी गप्प बसणार नाही." वाक्याच्या पहिल्या अर्ध्याने मुलीचे खांदे सैल पडायचे आणि दुसऱ्या अर्ध्याने ओठ मिटायचे. हे बघून बघून फिलिस्टाने एक शहाणपणा केला. दुसरा अर्धा भाग तिने शेवटी नेला. मुलगी मोकळी होऊन नाक पुसायला लागली की मग हळूच म्हणायचा. केलं चांगल्या मनानेच. आणि चालूनही गेलं, कारण पोरींची गुपितं ती केवढी? कुणी साखर चोरलेली, कुणाला बोटीवरच्या मेकॅनिकने कंगवा दिलेला.

मग शाळेचं ते सत्र आलं.

हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींची झोपायची खोली सरोवराच्या बाजूला होती. भर दुपारी, ऊन पत्र्यावर कडकडत असताना, एक मुलगी किंकाळी फोडून पडली. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, खाटेच्या पायथ्याशी कुणीतरी ओलं बसलं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी पडल्या. मग पाळकांना बोलावलं. त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून भुताला अशा काही शिव्या घातल्या की प्रार्थना संपेपर्यंत आणखी सातआठ जणी आडव्या झाल्या. पालक फाटकाशी जमू लागले.

मुख्याध्यापिका मिसेस ओगोला ही हिशेबी बाई. तिला भूत आहे की नाही याच्याशी कर्तव्य नव्हतं. तिने फिलिस्टाला बोलावून घेतलं.

"हे एकीपासून सुरू झालंय. एकीने आणलंय. ती कोण, एवढं सांग. तिला घरी धाडलं की बाकीच्या गप्प होतील."

"मला कुणी काही बोललेलं नाही, मॅडम."

"तुला सगळं बोलतात. म्हणून तर तुला खुर्च्या दिल्यात."

त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, अनिंडो आली. ही शांत पोर. रांगेत शेवटी उभी राहणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फिलिस्टा तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "मॅडम, तुमचं ते सरकारी वाक्य नको. मुली सांगतात, शेवटी त्याला शेपूट फुटतं. तुमच्या झाब्लोनच्या कबरीची शपथ घ्या."

आता झाब्लोन हा फिलिस्टाचा वारलेला नवरा, आणि आमच्यात नवरा मेला म्हणून लग्न संपत नाही. बायको कबरीची बायको म्हणून राहते. कबर अंगणात, दाराच्या उजव्या हाताला, येताजाता नजर पडते. त्याच्या नावाची शपथ मोडली तर तो शरीर झिजवतो, पोरंबाळं झिजवतो. हे फिलिस्टाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तीन आठवडे मुली पडत होत्या आणि हिच्या हाताला काही लागत नव्हतं. समोरची पोर उठायच्या बेतात होती. उचकी लागावी तशी शपथ तोंडातून निघून गेली.

अनिंडोने सांगितलं ते असं. तिच्या बापाची धाकटी बहीण, तिचंही नाव अनिंडो. लग्न ठरलं, मोडलं, आणि एका दुपारी ती काळ्या खडकापाशी पाण्यात चालत गेली. कुंवार मेलेल्या लेकीला आमच्यात कुंपणाच्या आत जागा नसते. तिला बाहेर, निवडुंगाच्या पलीकडे पुरली. वर्षभराने ही पोर जन्मली आणि रडू लागली. दूध घेईना. म्हाताऱ्यांनी एकेका मेलेल्याचं नाव घेऊन पाहिलं. आजीने भीत भीत "अनिंडो" म्हटलं, आणि पोर गप्प झाली.

"ती दुपारी येते," अनिंडो म्हणाली. "खाटेवर बसते. माझे केस विंचरते. कंगव्यातून पाणी गळतं. बाकीच्या मुलींना ती नाही दिसत. मी तिला ओ देते ते ऐकून त्या घाबरतात."

"काय म्हणते?"

"म्हणते, बाहेर एकटं वाटतं. माझं नाव तुझ्याकडे आहे, तूच ये. शुक्रवारी. जेवणाची घंटा झाली की."

हे सगळं तिने असं सांगितलं, जसं कुणी मामाकडे राहायला जायचा बेत सांगतं. मग आभार मानून निघाली. फिलिस्टा ते वाक्याचं शेपूट म्हणायला गेली, तर जीभ हलेना. उठताना तिने समोरच्या खुर्चीवर हात टेकला. खुर्ची ओली होती. पोर कपडे धुऊन आली असेल, असं तिने स्वतःला बजावलं. मग आठवलं की शाळेचे नळ सकाळपासून कोरडे होते.

त्या दिवसापासून फिलिस्टाच्या घशाखाली मक्याच्या पिठाची उगाली उतरेना. मेट्रन सलोमे, जिच्या डोळ्यातून सुईसुद्धा सुटत नसे, ताट बघून, तिला तिच्या लेकाच्या नावाने हाक मारत म्हणाली, "काय गं ओकोथच्या आये, कुणी नवा माणूस बघितलास की काय? या वयात भूक जाते ती त्यानेच."

"गप, सलोमे."

"मग भूत बघितलंस. तिसरं कारण नसतंच."

फिलिस्टाला दोन्ही बाजूंनी आवळलं होतं. गप्प बसावं, तर शुक्रवार येणारच. मिसेस ओगोलाला सांगावं, तर ती पोरीला गाडीत घालून घरी पाठवणार, कपाळावर भुताचा शिक्का मारून. आणि ते घर कुठे? निवडुंगापलीकडे ती कबर, तिच्यापलीकडे तो काळा खडक. म्हणजे आत्या बोलावते आहे आणि शाळा पोहोचती करते आहे. तोंड उघडणं पुरेसं नव्हतं. कुणापुढे आणि किती, हाच खरा प्रश्न होता. आणि या सगळ्यावर झाब्लोन बसलेला, मांडी घालून.

गुरुवारी दुपारची शाळा टाकून ती घरी गेली. अंगणात कोंबड्या मातीत पंख पसरून पडल्या होत्या. ती कबरीपाशी बसली. झाब्लोन जिवंतपणी मोठा बडबड्या. बोटीचं इंजिन दुरुस्त करताना इंजिनाशीसुद्धा गप्पा मारायचा.

"हे बघ," ती म्हणाली, "तुझी शपथ मी घ्यायलाच नको होती. ती माझी चूक, पोरीची नाही. मी ती मोडणार आहे. रागावायचं तर माझ्यावर रागाव. ओकोथला हात लावशील तर याद राख."

कोंबड्या एकदम उठल्या आणि घरामागे गेल्या. वारा नव्हता, तरी कबरीवर झुकलेलं केळीचं एकच पान हलत राहिलं, कुणीतरी मान हलवावी तसं. होकार होता की नकार, हे तिला कळलं नाही. उत्तराची वाट बघत बसली तर शुक्रवार उजाडेल, म्हणून ती उठली आणि शाळेत परत आली.

अनिंडोला तिने खोलीत बसवलं आणि आडवळण न घेता सांगितलं. "मी शपथ मोडतेय. तुझ्या पाठीमागे नाही, तुझ्या तोंडावर सांगून. सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही, मी चुकले. मुख्याध्यापिकाबाईंना तुझी गोष्ट सांगणार नाही. पण तुला एकटं सोडायचं नाही आणि मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं, एवढं सांगणार. आणि तुझं माणूस बोलावणार. कुणाला, ते तू सांग."

पोरीचा चेहरा आधी उतरला, मग तापला. "तुम्हीपण! माझा बाप म्हणतो तेच खरं. पगारी माणसाला जीभ नसते, मालकापुढे हलवायची शेपटी असते!" ती दाराकडे वळली. आणि तिथेच थांबली. पाठ तशीच ठेवून तिने मान तेवढी हळूहळू वळवली. त्या तोंडून जे आलं तो आवाज शाळकरी नव्हता. जाडसर, दमलेला, वयात आलेल्या बाईचा आवाज.

"ओकोथच्या आये, मधे येऊ नकोस. पोर माझी आहे."

शाळेतली कुठलीही मुलगी मॅडमना त्या नावाने हाक मारत नसे. फिलिस्टाला पळावंसं वाटलं. पण इतकी वर्षं समोरच्या खुर्चीत कुणीही आलं तरी तिने एकच काम केलं होतं, आणि भीतीने तिला दुसरं काही सुचलं नाही.

"बस," ती म्हणाली. "तूही बस, बाई. तुला एकटं वाटतं, ते मी ऐकलं. इथं बोललेलं इथंच राहील. पण कुणाच्या जिवाला धोका असला, तर मी गप्प बसणार नाही. हे तिला सांगायचं राहिलं. तुला आधीच सांगते."

बराच वेळ पडद्यामागे टपटप होत राहिली, जाळ्यांमधून पाणी निथळावं तशी. मग अनिंडो खाली बसली आणि भोकाड पसरून रडली, अगदी लहान पोरीच्या आवाजात. हुंदक्यांतून म्हणाली, "आजीला बोलवा."

मिसेस ओगोलाने आदळआपट केली. "हिची काय भानगड आहे, मला सगळं कळलंच पाहिजे!"

"मुलीला जपायला लागतं तेवढं मी सांगितलं, मॅडम. बाकीचं तिचं आहे. आणि तिला शाळेतून काढलंत, तर तुमच्या विरुद्ध मी शिक्षण खात्यात जाईन."

"तुझी बदली करीन!"

"करा. पण आज रात्री सलोमे तिच्या खाटेशेजारी झोपेल."

बदलीची धमकी हवेत राहिली आणि सलोमे खाटेशेजारी झोपली, घोरत.

शुक्रवारी सकाळी आजी आली. उयोमाच्या भागातली म्हातारी, काठी टेकत, काखेत जिवंत कोंबडी. कोंबडी सलोमेच्या हातात कोंबून तिने नातीला मांडीशी घेतलं आणि सगळं ऐकलं. मधे एकदाही "अगं बाई" म्हटलं नाही.

दुपारी चौघी त्या खोलीत बसल्या, दार लावून. जेवणाची घंटा झाली. मुली ताटं वाजवत गेल्या आणि आवार ओस पडलं. अनिंडो उठली. रागाने नाही, कुणी हाक मारल्यावर उठावं तशी. फिलिस्टाने एक हात धरला, सलोमेने दुसरा. पोर एवढीशी, पण दोन दांडग्या बाया दाराकडे ओढल्या जात होत्या.

बाहेर व्हरांड्यात पावलं वाजली. ओली पावलं, सिमेंटवर चपचप. दारापाशी येऊन थांबली. सलोमे, जिने आयुष्यात कधी थट्टा थांबवली नव्हती, ती डोळे मिटून मंगळवारची प्रार्थना शुक्रवारी पुटपुटू लागली.

म्हातारी काठीवर उठली आणि बंद दाराशी बोलली, लेक उशिरा घरी आली की आया बोलतात त्या सुरात.

"किती ओली झालीस गं. तुला बाहेर ठेवलं ते मी ठेवलं. पुरुष म्हणाले आणि मी तोंड शिवून बसले. भांडायचं तर माझ्याशी भांड. या पोरीने तुझं काय घेतलंय? नाव मी दिलं तिला, तिने नाही मागितलं. जा घरी. मी येतेय. या वेळी कुंपण मी स्वतः तोडीन, आणि कोण अडवतो बघते."

मग पावलं फिरली आणि दूर गेली, सावकाश, एखाद्या बाईला पटलं नसलं तरी ती जाते तशी. अनिंडोचे हात ढिले पडले. "भूक लागली," ती म्हणाली.

सलोमेने दार उघडलं. व्हरांडा कोरडा ठणठणीत, ऊन पांढरं पडलेलं. ती पुढे कितीतरी वर्षं म्हणायची की तिने काहीच ऐकलं नाही. पण त्या व्हरांड्यातून ती पुन्हा कधी दुपारी एकटी गेली नाही.

म्हातारीने शब्द पाळला. दीर-पुतण्यांशी भांडून, कुंपण तोडून, तिने लेकीच्या कबरीवरची माती आत आणली. फिलिस्टाने अनिंडोला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या दिल्या त्या वेळेवर घ्यायला लावल्या. कशाने गुण आला ते ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवावं. मुली पडायच्या थांबल्या.

फिलिस्टाची खुर्ची मात्र ओस पडली. कबरीची शपथ मोडणारी बाई म्हणून गावभर झालं, आणि ते आमच्यापैकी कुणी केलं हे काय मी सांगायला हवं? ती आता वाक्याचे दोन्ही अर्धे सुरुवातीलाच म्हणायची. कित्येक मुली ऐकून "काही नाही मॅडम, सहज आले होते," म्हणत निघून जायच्या. ती जाऊ द्यायची. सांध्यांचं दुखणं लागलं तिला त्या वर्षी. झाब्लोनचं की वयाचं, तिने कधी विचारलं नाही, तिन्हीसांजेला तेल चोळत कबरीकडे बघून म्हणायची, "एवढ्यावर भागव."

अनिंडोने तिला माफ केलं नाही. ती शिकली, नोकरीला लागली, पाठीवर पोर बांधून बाजाराला येऊ लागली. सगळ्यांना वाकून नमस्कार करायची, सलोमेचे तर हात धरायची. फिलिस्टा दिसली की रस्त्याच्या पलीकडे.

"बघ, बघ कशी तोंड फिरवते!" सलोमे चिडायची. "तू नसतीस तर ही आज..."

"बघितलं," फिलिस्टा म्हणायची. मासे निवडायचे सोडून, डोळ्यांवर हात धरून ती त्या पाठमोऱ्या बाईकडे बघत राहायची, ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत. "चांगली जाड झालीय, नाही?"