बॉयलरवाल्याचा गिझर

गणपतराव चौतीस वर्षं वारणानगरला साखर कारखान्याच्या बॉयलरवर होता. हंगाम संपला, बॉयलर थंड झाला की हातोडी घेऊन आत शिरायचा आणि पत्र्यावर टकटक करत, कान लावून हिंडायचा. जाड पत्रा ठणकन बोलतोय, झिजलेला नुसता ठप म्हणतोय. जिथं ठप आलं तिथं खडूनं गोल काढायचा. मग साहेब यायचे, वाकून बघायचे आणि तेवढा पत्रा बदलायला सांगायचे. गणपतरावाच्या गोलाला कधी कोणी उलटं बोललं नाही.

आता तो कोल्हापुरात, राजारामपुरीत, पोराच्या फ्लॅटात तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन वर्षं झाली.

गावाकडं वारणाकाठाला त्याचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर आहे. बायको गेल्यावर वर्षभर एकटाच राहिला तिथं. एक दिवस गॅसवर दूध ठेवलं आणि पारावर जाऊन बसला गप्पा मारत. दूध जळालं, पातेलं जळालं, वर दोरीवर वाळत घातलेला कपडा पेटायच्या बेतात आला तेव्हा शेजाऱ्यांनी दार फोडलं. उभी हयात आग राखलेल्या माणसाच्या हातनं हे झालं. पोरगा विश्वजित त्याच आठवड्यात गावी आला. घराला कुलूप घातलं, किल्ली खिशात आणि बाप गाडीत. किल्ली आता त्याच्या कपाटात असते.

फ्लॅटात करायचं काय? गुडघे गेलेले, त्यामुळं जिन्याचं नाव काढायचं नाही. लिफ्टनं खाली गेला तर पार्किंगमध्ये स्कुटी बघत उभं राहायचं. विश्वजित आणि सून स्वप्नाली सकाळी नऊला बाहेर पडतात, सातला परत येतात. मधले दहा तास गणपतराव आणि चार खोल्या.

त्यात पाणी बोअरचं. नळाचं येतं ते पिण्यापुरतं. आंघोळ, धुणं, भांडी सगळं बोअरवर. आणि बोअरचं पाणी असलं जड की साबणाला फेस नाही. टॉवेल वाळले की पापडागत ताठ. वॉशिंग मशीन वर्षात दोनदा मेकॅनिकनं उघडलं. चहाच्या किटलीच्या बुडाला पांढरा थर. गणपतराव लिंबाची फोड घेऊन दिवसभर नळ घासत बसायचा. संध्याकाळी ते परत पांढरे.

दिवाळीनंतर गिझर बिघडला. तासभर लाल दिवा जळायचा आणि पाणी आपलं कोमट. मेकॅनिक आला, वर बघूनच म्हणाला, "टाकी बदला."

"अरं न उघडता बदला?" गणपतराव भडकला. "खपल्या धरल्यात आत. काढल्या की झालं. आमचा बॉयलर तुझ्या ह्या डब्यासारखे हजार डबं गिळंल!"

"मग तुम्हीच काढा की, पावणं," म्हणून मेकॅनिक गेला.

रात्रीच्या जेवणाला गणपतरावानं तेच लावून धरलं. विश्वजित कावला. "काढा आबा, काढा. गिझर नीट चालवून दाखवलासा तर गावची किल्ली तुमच्या हातात देतो. मग ऱ्हावा तिकडं."

"बघ हं. सूनबाई ऐकतीया."

"ऐकलं मामा," स्वप्नाली म्हणाली आणि नवऱ्याकडं असं बघितलं की त्याचा घास तोंडातच राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेली तसा गणपतराव स्टुलावर चढला. गुडघे कुरकुरले, त्यांना म्हणाला, गप बसा. आधी मेन बंद केला. मग पाणी सोडून दिलं, खालची तबकडी खोलली, कॉईल बाहेर ओढली. कॉईल कसली, चुनखडीचं कणीसच ते. पान्याच्या पाठीनं हाणून हाणून उघडी केली. आतल्या खपल्या हातानं ओरबाडून काढल्या, त्या घमेलंभर निघाल्या. घमेलं त्यानं दाखवायला म्हणून ठेवलं. उरला चुरा मोरीत लोटला.

मग सवयीनं हातोडी घेतली. ठण. ठण. ठण. बुडाजवळ, जोडावर आला.

ठप.

गणपतराव थांबला. परत मारली. ठप. पत्रा कधीच गेला होता. जोड धरून होती ती आतली चुनखडी, तेवढीच. ती काढली तर टाकी जाणार, आणि ठेवली तरी आज ना उद्या जाणारच. कारखान्यात असता तर खडूनं गोल काढून मोकळा झाला असता. इथं गोल काढायचा म्हणजे मेकॅनिकचं खरं करायचं. मग किल्ली कपाटातच.

त्यानं हातोडी खाली ठेवली. मग लिंबूसताचं कढत पाणी टाकीत ओतलं. बॉयलरवाल्याला अर्धी टाकी साफ करायची सवय नव्हती. आत फसफस झाली. जोडावरची चुनखडी विरघळून पांढरं पाणी मोरीत गेलं.

संध्याकाळी बारा मिनिटांत कढत पाणी. स्वप्नालीचा हात भाजला. विश्वजितनं घमेलं बघितलं, टाकीवर हात फिरवला. "मानलं आबा तुम्हास्नी. रविवारी सोडतो."

गणपतरावानं पिशवी भरली. तीन धोतरं, दोन बंड्या, बायकोचा फोटो. सोमवार, मंगळवार, बुधवार रोज गिझर लावला की दाराशी उभा राहून ऐकायचा. स्वप्नालीला वाटायचं, म्हातारा आपल्या कामावर खूश आहे.

गुरुवारी अकराला खालची अंबूबाई दार बडवत आली. "अवो गणपतराव! आमच्या देवघरात धबधबा लागलाय! झोपलासा का मेलासा?"

गणपतराव झोपला होता. पाय खाली टाकला तर घोट्याएवढं पाणी. टाकीचा जोड फाटलेला. मोरीच्या जाळीत चुरा घट्ट बसलेला, त्यामुळं सगळं पाणी हॉलमधनं जिन्यात. पिशवी पाण्यात बसली होती.

त्यानं आधी मेन पाडला, मग वरचा कॉक फिरवला. अंबूबाई परातीनं पाणी ओढत बडबडत होती, "मी सांगतो तुम्हास्नी, ह्या वयात ही कामं करायची न्हाईत. देव भिजलं माझं!"

विश्वजित अर्धी रजा टाकून आला. फाटलेला जोड बघितला, बापाकडं बघितलं. आवाज चढवला नाही.

"आबा, खरं सांगा. जोड गेलाय ते तुम्हास्नी कळालं न्हवतं?"

सोपं होतं. न्हाई म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता: म्हाताऱ्याला आता काही कळत नाही, एकटा ठेवता येणार नाही. व्हय म्हटलं तर कळून गप्प बसला, एकटा ठेवता येणार नाही. कुठल्याबी दारानं गेलं तरी तिसराच मजला.

अंबूबाईची परात थांबली.

"कळालंतं," गणपतराव म्हणाला. "पयल्याच ठोक्याला कळालंतं. मला न्हाई कळणार तर कुणाला?"

विश्वजितनं मेकॅनिकला फोन लावला. स्वप्नाली आली तशी तिनं पिशवीतली धोतरं मशीनला टाकली.

नवा गिझर शनिवारी बसला. रविवारी गणपतराव मोरीत गेला, बोटाच्या पेरानं टाकीवर टकटक केली. ठण. नवाकोरा.

"मामा, हात नका लावू," बाहेरनं स्वप्नाली म्हणाली. "उघडला तर गॅरंटी जाती."

"उघडत न्हाई," गणपतराव म्हणाला. "ऐकतोय नुसतं."