अक्षरं पुसलेलं मशीन

“ते चमकून राहिलं ना, ते दाखवा,” गणपतभाऊ म्हणाले. मालकांनी निळं पोर्टेबल टाइपरायटर लगेच काउंटरवर ठेवलं.

ऐंशी साल उजाडायचं होतं. भंडाऱ्यात टाइपरायटर दुरुस्तीच्या एका दुकानात मी मेकॅनिक होतो. गणपतभाऊ दिघोरीहून एसटीनं आले होते. सोबत धाकटी बहीण, सुमन. तिची मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पंधरा दिवसांवर होती. परीक्षेला मशीन आपलं आपणच न्यायचं. क्लार्कच्या भरतीसाठी वयाच्या अटीत बसायची तिची ही शेवटची संधी. नवं मशीन परवडणारं नव्हतं म्हणून सेकंडहँड पाहायला आले होते. मात्र पसंतीचा कारभार भावानं स्वतःकडे घेतला होता.

“हलकं आहे. एसटीत मांडीवर ठेवता येते,” ते म्हणाले. मीही मान डोलावली. खरं सांगतो, मलाही तेच बरं वाटलं होतं.

सुमनताईंनी कागद चढवला, एक ओळ मारली आणि भावापुढे धरली. ‘मे हे रबान साहे ब’.

“दादा, साहेबाचे दोन तुकडे झाले.”

“नवीन पद्धत असंल,” गणपतभाऊ म्हणाले.

मराठी मशीनवर मात्रेची की ‘डेड की’ असते. ती दाबली तरी कागद धरणारी कॅरेज पुढे सरकत नाही. इथे ती सरकत होती आणि दर मात्रेनंतर जागा सुटत होती. हे मशीन दोनच दिवसांपूर्वी मी ओके केलं होतं. मी चष्मा पुसायला घेतला.

“छोटी बात आहे, ताई. आमचा माणूस आत्ता करून देते,” मालक म्हणाले.

“अन् परीक्षेत पुन्हा बिघडलं तर हे भाऊ माझ्या बाजूले बसाले येतील का?”

ताईंनी दुकानभर नजर फिरवली. कोपऱ्यात एक जुनं, जड ऑफिस मशीन होतं. मालकांनी ते पार्ट काढण्यासाठी ठेवलेलं. वापरून वापरून कीजवरची अक्षरं पार पुसली होती.

“ते दाखवा.”

“मजाक काहून करता, ताई? त्यावर अक्षरंच नाहीत.”

“कागदावर उमटतात ना?”

ताईंनी कागद चढवला. डोळे भावावर, बोटं मशीनवर. खडखडाट सुरू झाला, एकही जागा सुटली नाही. “टच जड आहे थोडा,” त्या म्हणाल्या. टच म्हणजे की दाबायला लागणारा जोर. मी स्प्रिंगचा ताण दोन खाचा कमी केला. ताईंनी पुन्हा एक ओळ मारली. गणपतभाऊंनी ती मोठ्यानं वाचली.

“गणपत नारायण यांस चकाकी आवडते.”

मग हळू आवाजात पुन्हा एकदा वाचली. दुकानात आधी तेच हसले.

ते मशीन पोर्टेबलच्या निम्म्याहून कमी किमतीत गेलं. स्टँडपर्यंत खांद्यावर नेताना गणपतभाऊ दोनदा टेकले म्हणे. सुमनताई परीक्षा पास झाल्या आणि वर्षभरात भंडाऱ्यातल्याच एका ऑफिसात क्लार्क म्हणून लागल्या.

मी मात्र त्या दिवसापासून एक नियम केला. टाइपरायटर घ्यायला चार जण आले, तर आधी विचारायचं, तुमच्यातलं टाइप कोण करणार? मग उरलेल्या तिघांना चहा सांगायचा.