यादीतलं शेवटचं नाव

आमच्या कार्यालयातल्या टायपिस्ट बाईंना कुणी कधी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. नुसतं ‘बाई’. साहेबही बाई म्हणत आणि झाडूवालीही. टाइपरायटरवर बोटं झिजवून त्या कॉम्प्युटरवर आल्या, तरी हात जुनाच राहिला. यादी करायची म्हणजे रकाने स्पेसबारने पाडायचे. टकटकटक करत अंगठा चालायचा आणि पडद्यावर रकाने ओळंब्याने लावल्यासारखे सरळ उभे राहायचे. तक्ता घालायची सोय आहे, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, जे सरळ आहे ते पुन्हा सरळ कशाला करायचं. मीही फार ताणून धरलं नाही. बाईंच्या कामात चूक काढणं म्हणजे उंदराने मांजराला शहाणपण शिकवण्यासारखं होतं.

माझं टेबल त्यांच्या शेजारी. आवक-जावक माझ्याकडे. बाई टाइप करणार, मी ईमेलला फाइल जोडणार, ‘पाठवा’ दाबणार आणि वहीत ‘पाठवले’ लिहिणार. माझं काम तिथे संपायचं. निदान मी तसं समजायचो.

दरवर्षी बदल्यांची यादी मुख्य कार्यालयाला जायची. कोण, कुठल्या हुद्द्यावर, किती वर्षं आणि कुठली जागा हवी, एवढंच त्यात असायचं. सहा वर्षांपूर्वी तिच्यात पहिल्यांदा बाईंचं स्वतःचं नाव आलं. त्यांची आई दूर, भावाकडे होती. ती विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग गॅस, मग दिवस कोणता ते. भाऊ कामावर, भावजय एकटी किती बघणार? आई पुरती विसरायच्या आत तिच्याजवळ राहायला जायचं, एवढंच बाईंचं मागणं होतं. टाइप करणाऱ्याने स्वतःला वर घालू नये, अशी त्यांची जुनी शिस्त. म्हणून त्यांचं नाव कायम सगळ्यात खाली, पानाच्या अगदी शेवटच्या ओळीत असायचं.

दरवर्षी हुकूम यायचे. ड्रायव्हर गेला, लेखापाल गेला, लागून दोन वर्षं न झालेला शिपाईसुद्धा गेला. बाईंबद्दल हो नाही की नाही नाही. साहेबांना विचारलं की ते म्हणायचे, वरून नकार दिसतोय. बाई मान हलवून जागेवर येऊन बसायच्या आणि पुढचा कागद घ्यायच्या. दुपारी डबा खाऊन झाला की त्या आईला फोन करायच्या. पहिल्या वर्षी आई विचारायची, कधी येतेस. तिसऱ्या वर्षी विचारायची, कोण बोलतंय. हल्ली भावजयच बोलून फोन ठेवून द्यायची. टेबलाला टेबल लागून, त्यात फोनचा आवाज मोठा, सगळं कानावर पडायचं. मी रजिस्टरात डोकं घालून बसायचो.

यंदा मुख्य कार्यालयाने आम्हा सगळ्यांना एक दिवसाच्या शिकवणीला बोलावलं. जागोजागच्या फाइली तिकडे उघडत नाहीत, उघडल्या तर मोडतात, ही त्यांची तक्रार. एवढी वर्षं गप्प बसून आता वरातीमागून घोडं. शिकवणारा तरुण होता, पण समजुतीने सांगत होता. समोरच्याकडे कुठला प्रोग्राम आहे ते आधी विचारा. फाइल जुन्या प्रकारात सेव्ह करून द्या. नुसती वाचायचीच असेल तर पीडीएफ करा. रकाने स्पेसबारने पाडू नका. आणि पाठवल्यावर फोन करून विचारा, नीट दिसतंय का.

“आता चुकीचा नमुना बघा,” तो म्हणाला आणि भिंतीवर एक यादी उघडली.

आमचीच होती. बाईंच्या पडद्यावरची ती सरळ यादी तिथे दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खात होती. आमचा फॉन्ट त्यांच्या मशीनवर नव्हता. मशीन आपल्या मनाने दुसरा, रुंद फॉन्ट घालायचं. त्यामुळे एखादी ओळ मोडायची आणि यादी तेवढ्या एका ओळीने लांबायची.

“आणि ही गंमत. एवढी एकच ओळ दुसऱ्या पानावर जाते. आम्ही कागद वाचवायला पहिलंच पान छापतो, तेच सहीला जातं.”

लोक हसले. भिंतीवरच्या पांढऱ्याशुभ्र पानावर एकच नाव होतं, बाईंचं.

बाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, रडतील किंवा निघून जातील. त्यांनी शांतपणे विचारलं, “हिच्या आधीच्या वर्षीची आहे?”

त्याने ती उघडली. मग त्याच्या आधीची. एकेक करत सहा याद्या उघडल्या. सहाही वेळा दुसऱ्या पानावर तीच एक ओळ. आता कुणी हसत नव्हतं. मला खाली बघवेना आणि वरही बघवेना. सहाच्या सहा मीच पाठवल्या होत्या. पाठवल्यावर एक फोन करायला माझं काय जात होतं? बाईंचं टायपिंग म्हणून मी डोळे मिटून ‘पाठवले’ लिहीत गेलो.

“म्हणजे वरचे साहेब नाही म्हणाले नव्हते,” बाई म्हणाल्या. “त्यांनी वाचलंच नव्हतं.” आणि खाली बसल्या. उरलेला तासभर त्यांनी पीडीएफ कशी करायची ते वहीत उतरवून घेतलं.

त्या शिकवणाऱ्यानेच कागद फिरवला. पंधरा दिवसांत बदलीचा हुकूम आला. सहा वर्षं अडलेलं काम पंधरा दिवसांत झालं याचा आनंद मानायचा की कपाळ बडवून घ्यायचं, मला कळेना. निरोपाच्या वेळी मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, तुमचा काय दोष. त्यांनी मनापासून म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं.

महिन्याभराने मी फोन केला. आई कशी आहे, विचारलं.

“खातेपिते, झोपते. मला कामाला ठेवलेली बाई समजते. काल वेणी घालत होते, तर विचारते कशी, तुम्हाला आई आहे का हो?”

“मग?” मी विचारलं.

“मी म्हटलं, आहे.”