गुरुसिद्धप्पांचा जुना कांदा

मला राग लवकर येतो, हे आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. बावीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतेय. पोरं मला माघारी काय म्हणतात तेही मला माहीत आहे. पण आमच्या प्रयोगशाळेतल्या गुरुसिद्धप्पांपुढे मी एकदा चारी मुंड्या चीत झाले, ती गोष्ट सांगायलाच हवी.

गुरुसिद्धप्पा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. अक्कलकोटकडच्या खेड्यातले, शिक्षण दहावी. काचा धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसायचे, बाटल्या भरायच्या, एवढंच काम. पण अठ्ठावीस वर्षं दारात उभं राहून त्यांनी जेवढे तास ऐकलेत, तेवढे माझ्या एकाही विद्यार्थ्यानं ऐकलेले नाहीत. पेशीविभाजनाच्या प्रॅक्टिकलला कांद्याची मुळं लागतात. पाण्याच्या ग्लासावर कांदा बसवायचा, बुडाला पाणी नुसतं टेकलं पाहिजे. चार-पाच दिवसांत पांढरी मुळं सुटतात, त्यांची टोकं सकाळी साडेआठच्या सुमारास कापायची, कारण तेव्हा पेशी जास्त विभागत असतात. हे सगळं गुरुसिद्धप्पा करायचे आणि शाबासकी मी घ्यायचे.

त्यांची मुलगी दानेश्वरी आमच्याच कॉलेजात अकरावी सायन्सला आली. लॅबमध्ये सगळी पोरं त्यांना मामा म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं, "हितं मी तुझा अप्पा न्हाय. सगळी मामा म्हणत्यात, तू बी मामा म्हण." दोन वर्षं ती पोरगी बापाला मामा म्हणाली, आणि ते तिला बाकीच्या मुलींसारखं ताई म्हणाले. आधी मला हसू यायचं. नंतर येईनासं झालं.

बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधी ते आपणहून प्राचार्यांकडे गेले आणि लेखी देऊन आले, पोरगी परीक्षेला आहे, मला लॅबमधून हलवा. त्यांना ग्रंथालयात बसवलं. जाताना मला म्हणाले, "मॅडम, कांदा जुना घ्या. नवा घेऊ नका."

"गुरुसिद्धप्पा, मी एमएस्सी आहे," मी म्हणाले. कांदा तो कांदा. सोलापूरच्या मार्केट यार्डात काय कांद्याचा दुष्काळ पडलाय?

शुक्रवारी मी चांगले टणक, लालबुंद, नवे बारा कांदे ग्लासांवर बसवले. परीक्षा गुरुवारी होती. मंगळवारी दुपारपर्यंत एकालाही मूळ नाही. चोवीस मुलं, बाहेरून येणारे परीक्षक, आणि टेबलावर बारा ठोंबे.

स्वाभिमान गुंडाळून ठेवला आणि रिक्षा करून शेळगीला त्यांच्या घरी गेले. त्या दिवशी ते रजेवर होते. त्यांच्या बायकोनं, गुरम्मानं, दार उघडलं. आत खिडकीत ओळीनं आठ ग्लास, आठ कांदे, आणि प्रत्येकाच्या बुडाला बोट-बोट लांब मुळं.

"बघा की मॅडम," गुरम्मा म्हणाल्या, "दिवाळीपासनं पिशवी टांगून ठेवल्याली. भाजीला एक कांदा काढू देत न्हाईत. आता तर पाण्यात बसवल्यात. लॅबमधनं हलवलं तरी ह्यांचं चालूच."

गुरुसिद्धप्पा ओशाळले. "फेब्रुवारी आला की हात ऐकत न्हाईत, मॅडम. नवा कांदा झोपलेला असतोय. दोन-तीन म्हैने त्याला मूळ सुटत न्हाय." 'मी सांगितलं होतं की,' असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. तेच मला जास्त लागलं.

मी ग्लास मागितले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हा माणूस कधी नाही म्हणाला नव्हता, त्या दिवशी म्हणाला. "उद्या कुणी बी म्हणंल, बापानं घरनं मुळं दिली म्हणून पोरीला मार्क पडले. दोन वर्षं मी तिला लांब ठेवलंय, ते ह्याच्यासाठीच."

"आणि बाकीच्या तेवीस पोरांनी काय घोडं मारलंय?" माझा पारा चढला. खरं तर घोडं मी मारलं होतं.

आतल्या खोलीतून दानेश्वरी पुस्तक हातात घेऊन आली. "अप्पा, द्या. सगळ्यांनी घेतल्यावर मी घेते. उरंल ते."

"उरंल ते खुरटं असंल."

"असू दे की."

त्यांनी ग्लास स्वतः ट्रेमध्ये मांडून रिक्षात माझ्या मांडीवर दिले. "उद्या साडेआठला कापा, मग परीक्षेपर्यंत एक दिवस औषधात ठेवा," म्हणाले. या वेळी मी एमएस्सीचं नाव काढलं नाही.

गुरुवारी परीक्षक आले, बार्शीकडचे, कडक गृहस्थ. पोरांनी चांगली चांगली टोकं उचलली. दानेश्वरीला उरलं ते एक आखूड, वाकडं. तिनं ते गरम केलं, रंग दिला, वर पातळ काच ठेवली, टिपकागद धरला आणि अंगठ्यानं सरळ खाली दाबलं. अंगठा इकडं नाही, तिकडं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या हाताचा तो दाब मी ओळखते. परीक्षकांनी डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. मग मला बोलावलं. विभाजनाच्या सगळ्या पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या, गुणसूत्रं दोन टोकांना निघालेली.

"असं दाबायला कुणी शिकवलं?" त्यांनी तिला विचारलं.

"लॅबमधल्या मामांनी, सर. सगळ्यांनाच शिकवलंय त्यांनी."

गुणांचं पाकीट सीलबंद झाल्यावर ते म्हणाले, त्या मामांना बोलवा. मी ग्रंथालयातून गुरुसिद्धप्पांना घेऊन आले. "त्या शेवटच्या मुलीला तुम्ही शिकवलंत? असा विद्यार्थी मिळायला नशीब लागतं," सर म्हणाले. गुरुसिद्धप्पांनी हात जोडले. मला काही राहवलं नाही. "सर, ती त्यांचीच मुलगी आहे."

सरांनी चष्मा काढला. "मग आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर त्यातले थोडे मार्क माझे झाले असते, सर," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "आता सगळे तिचे हायत."

बावीस वर्षांत मला कुणाचा एवढा अभिमान वाटला नव्हता, आणि त्यात माझं काही नव्हतं. सर गेल्यावर मी म्हटलं, तिची स्लाइड निदान चार दिवस ठेवू या. "ओली स्लाइड हाय मॅडम, उद्यापर्यंत वाळून जाती," असं म्हणून त्यांनी बाह्या सारल्या आणि नेहमीसारखे बेसिनपाशी चोवीस स्लाइड धुवायला उभे राहिले.

"अप्पा, मी पुसू का?" दारातून दानेश्वरी म्हणाली. त्या खोलीत हा शब्द पहिल्यांदा आला.

त्यांनी तिला टोकलं नाही. थोडं सरकून जागा दिली. तिची स्लाइड हातात आली तेव्हा खिडकीच्या उजेडात धरून एकदा बघितली, नळाखाली धरली आणि पुसायला तिच्या हातात दिली.